थेंब कोणी थांबवला?

रविवारी सकाळी निरीक्षकांनी गॅरेजमध्ये गुडघे टेकून गाडीखालचा पुठ्ठा बाहेर ओढला आणि उलटापालटा करून पाहिला. पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता.

गाडी दोन माणसांची, लालभडक, कापडी छपराची; वयाने निरीक्षकांहून चारच वर्षांनी धाकटी. तिच्या इंजिनाच्या बुडातून तेल गळायचं ते इतक्या नेमाने, की त्यावर घड्याळ लावावं. निरीक्षकांनी चाळीस वर्षं वजनमापं तपासली होती. दुकानदार हसून नमस्कार करायचा, तेव्हा हे तराजूच्या बुडाला काही चिकटवलंय का ते चाचपत असायचे. तेव्हा रोज पुठ्ठ्यावरच्या डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख घालणं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. आज गोल कशाभोवती काढायचा?

संशय अर्थातच मेहुण्यावर गेला. तीन आठवड्यांपूर्वी तोच गळती बंद करायच्या औषधाची बाटली घेऊन आला होता.

"भाऊजी, इंजिनात ओता. आतलं रबर फुगतं, गळती खलास!"

"फुगतं म्हणजे किती?"

"ते काय मी मोजलंय?"

"मग नको."

वीस वर्षं गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रीने तर कानावर हात ठेवले होते. "साहेब, गळकी जागा कुठली आणि तेलाची वाट कुठली, हे त्या औषधाला काय कळतंय? या म्हातारीच्या नळ्या तुंबल्या, की इंजिन जाम. मग हिच्यात फुलझाडं लावा."

त्यावर मेहुणा म्हणाला होता, "एक दिवस मीच गुपचूप ओततो, मग बघा!"

झालं! निरीक्षकांनी त्याच संध्याकाळी बॉनेटच्या चामडी पट्ट्याला कुलूप ठोकलं, चावी गळ्यात अडकवली. बाटलीवर औषधाच्या पातळीची रेघ मारून ती अशा कपाटात ठेवली, की ज्याचं दार उघडलं तर चार घरं जागी व्हावीत. आजच्या मिरवणुकीसाठी गाडी पॉलिश केलेली, म्हणून तीन आठवडे ती हलवलीही नव्हती.

आणि तरी थेंब थांबला. दहा वाजता जुन्या गाड्यांची मिरवणूक. निरीक्षकांनी किल्ली लावली, पण फिरवेनात. आत ते औषध असलं तर? ते तसेच उठून कपाटाकडे गेले. दार उघडलं. आवाज नाही! बाटलीतलं औषध रेघेच्या दोन बोटं खाली!

पाऊण तासात मेहुणा आणि मिस्त्री गॅरेजमध्ये उभे होते; घरातून निरीक्षकांच्या बाईही आल्या.

"कुलपाची दुसरी चावी कुठून केलीस?"

"भाऊजी, मी तीन आठवडे तुमच्या दारात पाऊल टाकलेलं नाही! ताई, सांग ना यांना."

"अहो, बाटलीतलं मी घेतलं," बाई शांतपणे म्हणाल्या.

"तू?"

"त्या कपाटाच्या बिजागरीत घातलं. किती ते केकाटायचं! आता बघा कसं गप्प झालंय."

निरीक्षकांनी कोरडा पुठ्ठा पुढे धरला. "मग थेंब कोणी थांबवला?"

मिस्त्रीने हात पुढे केला. "चावी द्या." त्याने बॉनेट उघडलं, तेलाची पातळी मोजायची पट्टी उपसली, फडक्याने पुसून पुन्हा घातली, पुन्हा उपसली. फडकं स्वच्छच राहिलं.

"साहेब, गळायला आत काही शिल्लक पाहिजे ना? तुम्ही किल्ली फिरवली असती, तर इंजिन इथल्या इथे जाम झालं असतं."

"पण वीस वर्षांत कधी संपलं नाही!"

"दर सोमवारी येता-जाता मी अर्धा लिटर घालतो म्हणून. वीस वर्षं."

"आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही माप घेऊन शेजारी उभे राहिला असता."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मेहुण्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मग हे तीन सोमवार?"

"आलो होतो. कुलूप दिसलं. म्हटलं, साहेबांनी दुसरा मिस्त्री धरला. आल्या पावली परत गेलो."

फळीवर ठेवलेल्या आपल्या डब्यातून मिस्त्रीने तेल ओतलं. सगळे वाकून गाडीखाली बघत बसले. बऱ्याच वेळाने टप्पकन एक थेंब पडला.

"पडला!" निरीक्षक ओरडले आणि त्यांनी भोवती झोकदार गोल काढला. मिरवणुकीला अजून अर्धा तास होता. त्यांनी गळ्यातली चावी मिस्त्रीच्या हातात ठेवली. "आता तुमच्याकडेच असू दे. माझा पूर्ण विश्वास आहे."

मिस्त्री हात धुवायला गेला. निरीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं, पेन्सिल काढली आणि आतलं तेल दिसणाऱ्या त्या पांढऱ्या डब्यावर पातळीची रेघ मारायला वाकले.

डब्यावर आधीच एक रेघ होती. आताच्या पातळीहून वर, बारीक आणि अगदी सरळ.

"ही कोणी मारली?"

"मीच, कुलूप दिसलं त्या दिवशी," हात पुसत मिस्त्री दारातून म्हणाला. "तो दुसरा मिस्त्री माझं तेल वापरतोय का, बघायला नको?"