पांढरीपांडे काकांची बॅटरी

पांढरीपांडे काकांच्या गाडीत बसलात, तर चढ आला की उतरावं लागतं. टांग्याच्या जमान्यातली गोष्ट नाही सांगत. आत्ताची सांगतेय, भोपाळची. गाडीही चांगली हायब्रिड आहे, एसीवाली. एसी मात्र लावायचा नाही. मे महिन्यातसुद्धा नाही.

त्याचं असं आहे, की ही गाडी हळू चालवली तर नुसत्या बॅटरीवर, बिनआवाजाची चालते. जरा जोर लागला की पेट्रोलचं इंजिन आपणहून सुरू होतं. त्या इंजिनाला काका ‘जावई’ म्हणतात. “आला बघा. बोलावलं नव्हतं, तरी आला. आता पिणार आणि बोंबलणार.” काकांना मुलगी नाही, म्हणून हे खपून जातं.

काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी इथल्या मोठ्या कारखान्यात झाली, तिथल्या घरघरीत कान गेले, आणि निवृत्त झाल्यावर ते हायवेलगतच्या मिसरोदला आमच्या शेजारी राहायला आले. मधली भिंत एकच. काका स्वतःशी जे पुटपुटतात, ते आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येतं. मुलानं पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं, ते यांनी देवघरात ठेवून दिलंय. “त्यानं पंखा मोठा ऐकू येतो, माणूस नाही,” म्हणतात.

तर गेल्या उन्हाळ्यात गाडीची बॅटरी थकली. जावई कॉलनीच्या गेटपासूनच यायला लागला. गॅरेजवाल्यानं सांगून टाकलं, “साहब, नई डलवा लो, या फिर गाड़ी निकाल दो.” नवी बॅटरी भयंकर महाग. मुलगा फोनवर म्हणाला, विकून टाका आणि टॅक्सीनं फिरा. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. मी तर रोज म्हणत होते.

पण काका पडले इन्स्पेक्शन खात्यातले. “लोड टेस्टशिवाय निर्णय नाही,” हे त्यांचं ब्रीद. त्यांच्या घरी नवी खुर्ची आली, की तिच्यावर आधी गव्हाचं पोतं बसतं, मग पाहुणे. आता बॅटरीची लोड टेस्ट करायची तर गाडीत वजन हवं. मग काय, “मीनाताई, चला, ऑफिसला सोडतो.” शिवाजी नगरला माझं ऑफिस. जरा कुठे चढ आला की, “उतरा बाप्पा, जावई येईल.” मी साडी सावरत चालायची, आणि गाडीच्या आधी वर पोचायची. एकदा एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, “मैडम, धक्का लगा दूँ?” लाजेनं मेले मी.

मतं गोळा करायचा तर त्यांना नादच लागला. मराठी मंडळात गणपतीची आरती संपली, प्रसाद अजून हातात पडायचाय, तोच काका खड्या आवाजात, “बॅटरी बदलावी असं कुणाला वाटतं, हात वर करा.” एकही हात वर आला नाही. काका शांतपणे मोदक खात म्हणाले, “बहुमत चुकतं कधीकधी.” हळदीकुंकवाला बायकांनाही सोडलं नाही त्यांनी.

शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, या गोंधळात कुठेच नसायच्या. एके काळी शाळेत शिकवायच्या. कंपवात झाल्यापासून हात थरथरतात, आणि आवाज इतका बारीक झालाय, की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. काका रोज दुपारी त्यांना तलावाकडे फिरवून आणायचे. मला वाटायचं, हवा खायला नेतात.

थंडीतल्या एका रविवारी मी वैतागून म्हटलं, “काका, एकदाचं काय ते ठरवा. एवढा कसला जीव अडकलाय त्या डब्यात?”

मला वाटलं, आता भांडण होणार. पण काका म्हणाले, “चला. आज शेवटची टेस्ट.”

पुढे काकू, मागे मी. तलावाकाठचा सपाट रस्ता आला. काका काचा बंद करून अगदी सावकाश चालवायला लागले. इंजिन बंद, गाडीत कसला म्हणून आवाज नाही. आणि काकू बोलायला लागल्या. पुढे वाकून ऐकलं तेव्हा कळलं, कोथिंबीर सांगितली होती, तर काकांनी मेथी आणली होती. मग गाडी नणंदेवर आली.

“नाही गं, तसं नव्हतं म्हणायचं तिला,” काका म्हणाले. इतक्या हळू, की हा माणूस असं बोलू शकतो, हे मला भिंतीला भिंत असून माहीत नव्हतं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. काकूंचे नुसते ओठ हलताना दिसत होते. काकांनी गाडी कडेला घेतली, आणि इंजिन बंद होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “हं. तर ताई काय म्हणाली?”

काकूंनी पुढे सांगायला सुरुवात केली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात पंखा, हायवेचे ट्रक, आमचा मिक्सर. त्यांचा आवाज आणि यांचे कान यांची गाठ फक्त इथे पडत होती. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, “काका, मग घेऊन टाका ना बॅटरी. विचार कसला करताय?”

“डॉक्टर म्हणाले, आवाज आणखी कमी होत जाईल. नवी बॅटरी वर्षानुवर्षं चालते, मीनाताई. हिचा आवाजच गेला, तर ती शांतता घेऊन मी काय करू?”

काकूंनी थरथरता हात त्यांच्या हातावर ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. मी किती पुढे वाकले, तरी मला ऐकू आलं नाही. शेवटी काकांनाच विचारलं, काय म्हणाल्या?

“बसवून घ्या म्हणते,” काका म्हणाले. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते. “म्हणते, ‘तुमच्या ताईचं अजून अर्धंही सांगून झालेलं नाही.’”