पेंडसे आजोबांचे अँग्लो-सॅक्सन प्राणी

मुलांनो, इथे अमेरिकेत, कॅरी गावात पेंडसे आजोबांच्या दारावरून कोणी सरळ चालत जाऊ शकत नाही. त्यांच्या ड्राइव्हवेवर रांगोळीचा एक प्राणी पसरलेला असतो आणि शेजारी ते स्वतः, कमरेवर हात ठेवून. "वहिनी, थांबा. शेपूट शोधा!"

ते सहज सापडत नाही. पायाखालून निघतं, मानेला विळखा घालतं आणि भलत्याच प्राण्याच्या जबड्यात संपतं. फार पूर्वी इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन सोनार असे प्राणी तलवारीच्या मुठीवर घडवायचे. पेंडशांना ते लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात भेटले. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, पण आम्हाला हे कोणी दाखवलं नव्हतं. एक डोळा, एक मांडी, पंख, पंजा, सगळी कोशिंबीर. ड्रॅगन आपला आपण जुळवायचा.

"त्यापेक्षा मोर काढा की," मी एकदा म्हटलं.

"मोर बघताक्षणी कळतो. मग माणूस थांबेल कशाला?"

गेल्या महिन्यात कॉलनीच्या असोसिएशनची बाई आली. इथे घराचा रंगसुद्धा असोसिएशनला विचारून द्यावा लागतो. ड्राइव्हवेवर चित्रं चालणार नाहीत, म्हणाली.

पेंडसे ताठ झाले. "मॅडम, हा प्राणी माझा नाही, तुमचा आहे! तुमच्या पूर्वजांच्या तलवारींवर होता."

"माझे पूर्वज इटलीचे."

"मग तुम्हाला बोलायचा अधिकारच नाही!"

त्यांचा मुलगा नितीन वैतागला. "बाबा, प्लीज! बंद करा हे." त्यानं पाइप लावून ड्राइव्हवे धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी प्राणी दुप्पट मोठा.

शेवटी नितीननं मला मध्यस्थीला बोलावलं. "मावशी, तुम्ही तरी सांगा. मागच्या अंगणातल्या पॅटिओवर काढा म्हणावं, तिथे कोणाला दिसणार नाही."

"मागून रिया जात नाही," पेंडसे म्हणाले.

रिया म्हणजे नितीनची मुलगी, चौदा वर्षांची.

"घरात 'हाय, आजोबा' म्हणते आणि खोलीचं दार लावून घेते. इथे शाळेच्या बसची वाट बघताना शेपूट शोधत उभी राहते. हल्ली लवकर सापडायला लागलंय तिला. म्हणून शेपटाच्या गाठी वाढवतो."

नितीननं पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघाले, तर रिया ड्राइव्हवेवर उकिडवी बसलेली, एका कानातला इअरफोन काढून. "वेट, आजोबा, डोन्ट टेल मी!"

बसनं हॉर्न दिला. पेंडसे रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं.