एका दमात वीस ग्रॅम

"काका, आज एका दमात वीस ग्रॅम! दोनच्या आत हाडांच्या डॉक्टरांच्या हातात बरणी देते की नाही, बघाच!" ताईंनी पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारल्या.

मोडलेल्या हाडातली पोकळी भरायची भुकटी बनवणं, हे ताईंचं पाच वर्षांचं संशोधन. कॅल्शियम नायट्रेट, फॉस्फेट आणि युरिया पाण्यात विरघळवायचा आणि वाटी तापल्या भट्टीत ठेवायची. पाणी आटतं, फेस येतो, आणि मिश्रण आपलं आपणच पेट घेतं. अर्ध्या मिनिटात कापसासारखी हलकी, पांढरीशुभ्र भुकटी! पण एका वाटीत जेमतेम एक ग्रॅम. डॉक्टरांना हवी होती वीस. आज दुपारची चाचणी हुकली, तर इस्पितळातल्या चाचणीच्या यंत्रावर पुढचा नंबर थेट सहा महिन्यांनी.

"मग वीस वाट्या लावू," प्रयोगशाळा सांभाळणारे काका म्हणाले.

"वीस कशाला? एकच मोठं पातेलं!"

"सरांना विचारलंत?"

"सर बैठकीत आहेत. आणि गणित मलाही येतं."

गणित अगदी बरोबर होतं. पण फेसाला गणित येत नव्हतं! तो पातेल्याबाहेर आला, भट्टीच्या दारावर धडकला आणि तिथेच पेटला. भस्सकन दार उघडलं आणि भुकटी अशी उसळली की खोलीत उशांची लढाई झाल्यासारखं वाटावं! धोक्याची घंटा केकाटू लागली. ताईंनी ओढत बाहेर काढलेले काका ओरडले, "ताईंची हाडं उडाली!"

पाच वर्षं ते त्या भुकटीला 'हाडं'च म्हणत. पहारेकऱ्याला हे कुठून माहीत असणार? त्याने लगेच सरांना फोन लावला. "साहेब, ताईंची हाडं उडाली!"

दहाव्या मिनिटाला सर धापा टाकत आले. मागोमाग त्यांनी बोलावलेले शेजारच्या इस्पितळातले हाडांचे डॉक्टर, स्ट्रेचरसकट! धूर निवला होता, आणि नखशिखान्त पांढऱ्या झालेल्या ताई जमिनीवर बसून ब्रशने भुकटी गोळा करत होत्या.

"आडव्या व्हा!" डॉक्टर गरजले.

"मला काही झालेलं नाही!"

"धक्का बसलेले सगळे असंच म्हणतात! हाडं कुठायत?"

"तुमच्या बुटांखाली, डॉक्टर."

डॉक्टरांनी हळूच एक पाय उचलला. सरांनी वाकून चिमूटभर भुकटी उचलली आणि झटकून टाकली. तेच ताईंना जास्त लागलं. धुळीत लोळलेली भुकटी कुणाच्या शरीरात घालणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते कोटाच्या बाहीने पुसलं, तेव्हा दोन्ही गालांवर पीठ मळल्यासारखं झालं.

"आत्ता दहा वाजलेत," त्या उठत म्हणाल्या. "वाटीला दहा मिनिटं. काका, भट्टी पुसायला घ्या!"

मग वाटीमागून वाटी लागली. ताई ना जेवल्या, ना बसल्या. सर स्वतः वाट्या धुवायला उभे राहिले! दोनला पाच कमी असताना ताई बरणी पोटाशी धरून इस्पितळाकडे धावत सुटल्या. चाचणी झाली. भुकटी दाबून केलेला ठोकळा यंत्राच्या दाबाखाली टिकला!

दुसऱ्या दिवशी सरांनी भट्टीवर लावायला नियम लिहून मागितला. ताईंनी लिहिलं, 'एका वेळी एकच ग्रॅम.'

"आधार लिहा," सर म्हणाले. "शास्त्रात पुराव्याशिवाय विधान चालत नाही."

ताईंनी बराच वेळ पेनाचं टोपण चावलं आणि मान खाली घालून लिहिलं, 'पुरावा संशोधिकेच्या केसांत अजून उपलब्ध आहे.'