मधलं म्युझिक

आमच्या शेजारचे राजय्या अण्णा दिवसभर सिनेमाची गाणी गुणगुणतात, पण त्यातला एकही शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नाही. ते फक्त मधलं म्युझिक म्हणतात. शब्दांची जागा आली की गप्प. त्या ओळी जितका वेळ चालतील, तितकाच वेळ गप्प. मंडईत मेथीची जुडी हातात धरून ते असे थबकले की भाजीवाली आधी वैतागायची, आता मुकाट्याने दुसरं गिऱ्हाईक बघते. मध्येच कुणी बोललं तर अण्णा पंजा वर करतात. गाण्याच्या भेंड्यांत त्यांना घ्यायला कुणीच तयार नसतं.

मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो अण्णा, दोन ओळी म्हणा की!"

"शब्द आपल्या खात्यात न्हाईत, सर. आपलं खातं अकॉर्डियनचं."

चादरीच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून अण्णा पूर्वी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. तिथे गाणाऱ्या लक्ष्मीवहिनी पुढे लग्न होऊन त्यांच्या घरी आल्या. तीन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी या गोष्टी एकमेकींना जोडायचं मला सुचलं नाही, याची आता लाज वाटते.

यंदा जुन्या ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी पुन्हा कार्यक्रम ठरवला. वहिनींचं गाजलेलं गाणं एक नवी मुलगी म्हणणार होती. अण्णा अडून बसले.

"ते गाणं हिचं हाय. हीच म्हणंल. न्हाईतर मी येत न्हाय."

संयोजक घाबरून माझ्याकडे आले. "सर, समजवा की त्यांना. लोक शिट्ट्या मारतील."

मी समजवायला गेलो. अण्णांनी पंजा वर केला. विषय संपला.

कार्यक्रमाला वहिनी ठेवणीतली इरकल नेसून पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसल्या होत्या. मी शेजारी. अण्णांनी सुरुवातीचं म्युझिक वाजवलं आणि थांबले. नुसता ढोलक चालू राहिला. सभागृहात चुळबुळ झाली, मागून कुणीतरी ओरडलं, "गाणारी कुटं हाय?" अण्णांनी पंजा वर केला. सगळे गप्प झाले.

वहिनींचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता, मी इतका जवळ असून मला काहीच ऐकू आलं नाही. एका जागी ओठ अडले. त्यांनी कावरंबावरं होऊन स्टेजकडे पाहिलं. अण्णांचा पंजा तसाच वर, नजर वहिनींवर. ढोलकवाला तेच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. मग ओठ परत हलू लागले. ते मिटले, त्या क्षणी अण्णांनी मधलं म्युझिक उचललं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

कार्यक्रम संपला. अण्णा वहिनींच्या खांद्यांवरची शाल सारखी करत होते.

"दुसऱ्या ओळीला जरा अडखळली," ते मला म्हणाले. "लई लोकं बघून घाबरली. घरी बरोबर म्हणते, सर."