आधी जागा पाहणारे गुलाबराव

खोटी साक्ष द्यायची असली की गुलाबराव आदल्या दिवशी जागा पाहून येत. खरी साक्ष देणारे असलं काही करत नाहीत. ते एकदा पाहतात, निम्मं विसरतात आणि उरलेल्याचा कोर्टात घोटाळा करतात. गुलाबरावांना असलं गबाळं काम मान्य नव्हतं. "जागा पाह्यल्याबिगर मी खोटं बोलत नाही जी," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे पावित्र्य येई, ते पुढे मला एखाद्या कीर्तनकाराच्या चेहऱ्यावरही दिसलं नाही.

नागपूरच्या कोर्टाच्या आवारात एका कडुनिंबाखाली त्यांचं ठाणं होतं. धंदा साक्षीदाराचा. पंचनाम्यावर सही हवी? गुलाबराव. घरमालकानं भाडेकरूला शिव्या दिल्या, कोणी ऐकल्या? गुलाबरावांनी. सदरला मारामारी झाली तेव्हा ते तिथून सायकलनं चालले होते, आणि त्याच संध्याकाळी इतवारीत दुकान फुटलं तेव्हा समोर उभे राहून पान खात होते. या शहरात त्यांच्या नजरेआड काही घडतच नसे. आणि नजर म्हणाल, तर चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची चप्पल सापडत नसे.

तो चष्मा ते पिंजऱ्यात चढण्याआधी काढून खिशात ठेवत. "चष्मा दिसला का समोरचा वकील नंबर विचारते. काहून द्याचा त्याले चारा?" मग न्यायाधीश समजून कधी पट्टेवाल्याला नमस्कार, तर कधी भिंतीवरच्या घड्याळाला. कोर्टात कोणी हसत नसे. ज्यांनी हसायचं ते सगळेच त्यांचे गिऱ्हाईक.

त्यात माझे सासरेही होते. मामंजी म्हणजे धंतोलीतले नावाजलेले वकील. सकाळी देवघरात ते सोवळं नेसून इतक्या जोरात स्तोत्रं म्हणत की देवालाही एखादी तारीख मागून घ्यावीशी वाटली असेल. पूजा आटोपली की कपाळावरचं गंध वाळायच्या आत व्हरांड्यात गुलाबरावांची उजळणी सुरू होई.

"गुलाबराव, त्या वेळी उजेड किती होता?"

"जितका तुम्ही म्हणाल तितका, साहेब."

"संध्याकाळ होती."

"मंग दिवे लागून राहिले होते."

आत मी पोळ्या लाटत हे ऐके आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. त्या वेळची मी तुम्हाला भेटले असते, तर तुम्ही रस्ता बदलला असता. नवीन लग्न झालेलं, मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागलेली. अंबाडा असा घट्ट बांधायची की भुवया वर ओढल्या जायच्या आणि जगाबद्दल कायमचं आश्चर्य वाटतंय असं दिसायचं. चहासुद्धा मी तत्त्वानं पीत असे. सासऱ्यांना बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सुधारायला गुलाबरावांना निवडलं. सुधारकांची ही जुनी रीत आहे. वाघ सोडून शेळी धरायची.

"गुलाबराव, तुम्हाला लाज नाही वाटत?" मी एकदा व्हरांड्यात चहा ठेवताना विचारलं.

"वाटते ना, मास्तरीनबाई," ते कपबशी उचलत म्हणाले. "काल एक नवा साक्षीदार पाह्यला. जागा न पाहता आला होता. म्हणे पूर्वेच्या खिडकीतून पाह्यलं. पूर्वेले भिंत! माहीच मान खाली गेली."

"मी सत्याबद्दल बोलते आहे."

"सत्य बरोबर आहे. पण ते तयारी करून येत नाही न जी."

ते दुसरा एक नियम नेहमी सांगत. "विचारलं तेवढंच सांगाचं. वरून फोडणी देणारा साक्षीदार मरते." मी हा नियम ऐकून नाक मुरडत असे, कारण माझा सगळा पिंडच फोडणीचा होता.

तर एकदा मामंजींकडे एक धान्याचे शेठजी आले. हुडकेश्वरला त्यांना एक जागा हवी होती. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे शहराबाहेरचं, शेतं आणि बाभळी. पण शेठजींना जमिनीचे वास लांबून येत. त्या जागेवर सोनाबाई नावाच्या एका एकट्या म्हाताऱ्या बाईचं झोपडं होतं. शेठजींचं म्हणणं असं की जागा पहिल्यापासून मोकळी आणि आपल्याच ताब्यातली, झोपडं आत्ता रातोरात टाकलेलं. हे कोणीतरी डोळ्यांनी पाहायला हवं होतं. म्हणजे अर्थातच गुलाबरावांनी. बाई हरली, की झोपडं पडणार.

हे मला आतून ऐकू आलं आणि माझ्या डोक्यात एक महान कल्पना शिरली. माझ्या वर्गाची सहल कोर्टात न्यायची! विषय, न्यायदान. तिथं निळ्या स्कर्टातल्या, लाल रिबिनी लावलेल्या निष्पाप मुली बाकावर बसलेल्या पाहून या माणसाची जीभ टाळ्याला चिकटेल, असा माझा हिशेब. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "कोर्टात? त्यापेक्षा रामटेकला न्या, माकडं तरी दिसतील." त्यांना दोन्हीकडचा अनुभव असावा. पण मी हटले नाही.

सुनावणीच्या दिवशी मी मुलींना मागच्या बाकांवर बसवलं. मामंजींनी मला पाहिलं आणि कपाळाला एक नवी आठी घातली. शेठजी खिशातून काजू काढून खात होते. सोनाबाई एका कोपऱ्यात पदर घट्ट धरून उभी होती, बसायला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून. गुलाबराव आले, चष्मा खिशात ठेवला, घड्याळाला नमस्कार केला आणि शपथ घेतली. शपथ ते फार गोड घेत.

"हुडकेश्वरची जागा तुम्हाला माहीत आहे?" मामंजींनी विचारलं.

"हो जी. काल पाहून आलो."

मामंजींनी घसा खाकरला. हे काही उजळणीत नव्हतं. "बरं. ती जागा मोकळी आहे, झोपडं आत्ता-आत्ता टाकलेलं आहे, बरोबर?"

मी मुलींकडे पाहिलं, मुली रिबिनींशी खेळत होत्या.

"चुलीमागची भिंत काळी झाली आहे साहेब," गुलाबराव म्हणाले. "बोट लावून पाह्यलं मी. बोटभर काजळी. एवढी काजळी एका रात्रीत नाही धरत. दारात सीताफळाचं झाड आहे, त्याले फळं लागून राहिले. ते तर बाईनंच लावलं असन. शेठजी कुठी सीताफळं लावाले जाते!"

काजू थांबला. मामंजी लालबुंद होऊन म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला आहे, महाराज!" हयातभर खोटं बोलला तोवर हा माणूस इमानी होता. खरं बोलला त्या क्षणी फितूर! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नव्हता, तो मुलींना कोर्टानं फुकट शिकवला.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. ते गुलाबरावांना चांगले ओळखून होते. "तुम्ही हे स्वतः पाहिलंत? नक्की?"

"हो साहेब. पह्यल्यांदाच पाह्यलं."

या वेळी मात्र अख्खं कोर्ट हसलं.

सोनाबाईचं झोपडं राहिलं. गुलाबरावांचं कडुनिंबाखालचं ठाणं उठलं. वकील मंडळींना खोटारड्या साक्षीदाराचा कधी विटाळ झाला नव्हता, खऱ्याचा लगेच झाला. "साक्षीदार नासला," मामंजी दुधाबद्दल बोलावं तसं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यानं स्तोत्रं म्हणून मोकळे झाले. गुलाबराव पुढे एका दवाखान्याच्या दारात सायकली सांभाळायला बसले.

आणि मी? माझा अंबाडा आणखी वर चढला. एका पापी माणसाचा उद्धार मी नागरिकशास्त्रानं केला, असं मी शाळेत, माहेरी, हळदीकुंकवात सांगत सुटले. त्यात दर आठवड्याला गुलाबराव मागच्या दारानं येऊन एका फडक्यात बांधलेली भाजी देऊन जात. कधी अंबाडी, कधी वांगी, हंगामात सीताफळं. "ठेवा मास्तरीनबाई. फडकं तेवढं वापस द्याचं." मी ती गुरुदक्षिणा समजून घेत होते. घेताना मान जरा वाकवत होते, गुरूनं वाकवावी तशी!

असं काही वर्षं चाललं. मग एका रविवारी गुलाबराव फडकं न घेता रिकाम्या हातानं आले. चष्म्याची काच आता बाटलीच्या बुडासारखी झाली होती. "हुडकेश्वरले येता का माह्यासंगं? थोडं काम आहे."

रिक्षात मी त्यांना सहज म्हणाले, "गुलाबराव, त्या दिवशी माझ्या मुलींना पाहून तुम्हाला काय वाटलं हो?"

"कोणत्या पोरी?"

"कोर्टात! मागच्या बाकांवर!"

त्यांनी आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. "चष्मा खिशात होता न बाई. मागं निळं निळं दिसून राहिलं होतं. मले वाटलं, ताडपत्री टाकली आहे."

माझा उद्धारकार्याचा डोलारा रिक्षातच कोसळला. मग गुलाबराव म्हणाले, "आदल्या दिवशी जागा पाहाले गेलो ना, तर म्हातारीनं मले वाटसरू समजून भाकर वाढली. बोलता बोलता म्हणे, उद्या कोर्टात कोणी गुलाबराव येऊन माह्याविरुद्ध खोटं सांगणार आहे. मी म्हटलं, शिव्या दे त्याले. तर म्हणे, काहून गा देऊ? त्याचेही लेकरंबाळं असतील. त्याईच्या पोटासाठी करत असन बिचारा."

रिक्षा एका खड्ड्यातून गेली.

"मले कोण आहे, बाई? इतकी वर्षं कोणासाठी खोटं बोललो, ते मलेच माहीत नव्हतं."

झोपड्यापाशी पोचल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. हे लक्षण माझ्या ओळखीचं होतं, पण उलगडा व्हायच्या आत आम्ही आत होतो. सोनाबाई खाटेवर बसलेली. तिचे डोळे गुलाबरावांच्याही वरताण अधू. तिनं माझा हात चाचपून धरला.

"आणली का गा शेवटी लेकीले? ये वं माय. माही अंबाडी आवडते म्हणे तुले. मी म्हटलं, माह्यापायी बापाचं काम गेलं, लेक उपाशी नाही राह्यली पायजे."

मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. दिसत नव्हत्या, तरी.

आता ही साक्ष कोणत्याही कोर्टात टिकली नसती. माझं नाक, माझी बोली, माझं घट्ट अंबाड्याचं डोकं, यातलं काहीही गुलाबरावांच्या वंशात बसणारं नव्हतं. शिवाय मी जागा आधी पाहिलेली नव्हती.

"हो आजी," मी म्हणाले. "मीच."

"बाप टायमावर जेवते का वं?"

विचारलं तेवढंच सांगायचं. वरून फोडणी द्यायची नाही.

"नाही जेवत," मी म्हणाले.

"मले वाटलंच," म्हणत म्हातारी भिंतीला धरून उठली आणि त्या काळ्या भिंतीपुढच्या चुलीत काड्या सारायला लागली. गुलाबरावांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि मला नीट पाहिलं.