काजाशिवायची बटणं

कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असं मी म्हणत नाही. ऑफिसात सगळे म्हणतात. (म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच हाक मारतात.) त्यामुळे बायकोच्या शिवणकामासाठी आपणच एक प्रोग्रॅम लिहावा असं मी ठरवलं, तेव्हा त्यात मला कसलाही धोका दिसला नाही.

प्रोग्रॅम साधा होता. गिऱ्हाइकाचं काम लिहून घेतलं की पडद्यावर त्याच्या नावाचं बटण आपोआप तयार व्हायचं. कपडा शिवून झाला की बायकोने ते दाबायचं. गिऱ्हाइकाला 'कपडे तयार आहेत, घेऊन जा' असा निरोप जायचा आणि बटण यादीतून नाहीसं व्हायचं.

दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. "अहो, माऊस सापडत नाहीये." तो अस्तराच्या ढिगाखाली होता.

"मग कीबोर्डवरून दाब. ऑल्ट धरायचं आणि आकडा दाबायचा."

"एका हातात कात्री, दुसऱ्यात टेप. ऑल्ट काय दातांनी धरू?"

मी मागे हटणारा नव्हे. एका बोटाचं काम करून टाकलं. एफ-वन म्हणजे यादीतलं पहिलं बटण, एफ-टू म्हणजे दुसरं. पहिलं गेलं की दुसरं आपसूक त्याच्या जागी सरकणार आणि एफ-वन त्याला मिळणार. माझं मलाच कौतुक वाटलं. (दुसऱ्या कोणाला वाटल्याचं कानावर आलं नाही.)

शनिवारी सासूबाई काजं करायला मदतीला आल्या. त्यांना खुर्ची दिली आणि मी टेबलावर ऐटीत रेलून समजावू लागलो.

"ही बटणं आपोआप तयार होतात."

"काज न करता?"

"काजाची गरजच नाही!"

"मग टिकत नसतील."

"आई, निमूट ऐकून घे," बायको मशीनवरून म्हणाली. "नाहीतर ते परत पहिल्यापासून सांगतील."

मी परत पहिल्यापासून सांगितलं. या सगळ्या वेळात माझं उजवं कोपर एफ-वनवर होतं. कीबोर्डवरची कळ दाबून धरली तर ती पुन्हा पुन्हा दाबली जाते, हे मला ठाऊक होतं, कोपराला नव्हतं. पहिलं बटण गेलं, दुसरं पुढे सरकलं, तेही गेलं.

"जावईबापू," सासूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुमची बटणं तुटली."

पडदा कोरा होता. तेवीस गिऱ्हाइकांना निरोप गेला होता, आणि घरात शिवून तयार होता एक फ्रॉक. तोही एका बाहीचा.

बायकोचा चेहरा बघून मी घाईघाईने कोपर उचललं. अकरा वर्षांत तिने एकही तारीख चुकवली नव्हती. ती तयार म्हणाली म्हणजे तयार, या एका गोष्टीवर तिचं सगळं नाव होतं आणि ते मी कोपराने पुसलं होतं. मला खरंच वाईट वाटलं.

"चूक झाली असा दुसरा निरोप पाठवतो," मी म्हणालो.

"तुम्ही काहीही पाठवू नका."

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या बँकवाल्या बाई होत्या. त्यांच्यामागे नर्सबाई, आणि जिन्यात आणखी पावलं. बायकोने टेप गळ्यात टाकला आणि दार सताड उघडलं.

"या ना! कच्ची शिलाई झालीय, अंगावर घालून बघा. तारीख दिलीय तीच आहे."

"पण निरोपात तर 'घेऊन जा' होतं," नर्सबाई म्हणाल्या.

"निरोप ह्यांनी लिहिलाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोणालाच पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

नर्सबाईंचा कोट खांद्यात अर्धा इंच घट्ट निघाला. "बरं झालं आजच बोलावलंत," असं त्या दोनदा म्हणाल्या. ज्यांचं कापड कापलंही नव्हतं, त्यांची मापं बायकोने नव्याने घेतली. संध्याकाळ झाली तेव्हा तिचं नाव शाबूत होतं. मग तिने वही उघडून मला यादी पुन्हा भरायला बसवलं. खोलीत अजून सहा गिऱ्हाइकं होती.

तेवीस कामं झाली. मी उठू लागलो.

"थांबा, एक राहिलं. लिहा, नवरा. पँट. कंबर दोन इंच वाढवणे."

सहाही गिऱ्हाइकांनी माझ्या कमरेकडे पाहिलं. मी शक्य तितक्या रुबाबात विचारलं, "याला शॉर्टकट कोणता देऊ?"

"शॉर्टकट कशाला?" सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "जावईबापूंनी लांबच्या रस्त्यानेच जावं. थोडं चालणं तरी होईल."