तनुजा दोनदा ‘डबल’ म्हणाली

शनिवारी सकाळी तनुजानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं, "माझ्या ब्रिजच्या वहीतलं डबलचं पान वाचलं का?"

मी म्हणालो, "व्हय, वाचलं."

वाचलं नव्हतं. (उघडलं होतं. त्यात बाण लई होते.)

आम्ही बजाजनगरात राहतो. मी एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. तनुजा मोबाइलवर ब्रिज शिकली आणि तिनं मलाही शिकवला. कॉलनीच्या हॉलमधल्या जोड्यांच्या स्पर्धेत तिच्या डोक्यावर आणि माझ्या नशिबावर आम्ही थेट फायनलला पोचलो. फायनल त्याच संध्याकाळी; विरुद्ध काकासाहेब आणि मल्हारी, सलग तीन वर्षांचे विजेते.

ब्रिजमध्ये आधी बोली लागते: हुकूम कोणता, हात किती करणार. बोलीशिवाय जोडीदाराशी एक अक्षर बोलायचं नाही. (संसारामुळं मला याची सवय आहे.)

काकासाहेबांनी बोली लावली, "एक इस्पिक."

तनुजा म्हणाली, "डबल."

मल्हारीनं पास दिला. मी विचार केला, डबल म्हणजे दंड दुप्पट. हे बुडणार अशी बायकोची खात्री दिसते. माझ्याकडं बदामाची पाच पानं होती, पण मधे कशाला तोंड घाला? मी रुबाबात म्हणालो, "पास." तनुजानं पत्त्यांवरून माझ्याकडं टक लावून पाहिलं. मला वाटलं, खूश झाली.

काकासाहेबांना सात हात करायचे होते. त्यांनी नऊ केले. तनुजाकडं इस्पिकाचं एकच पान होतं.

डाव संपल्यावर ती दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, सुरुवातीचा डबल म्हणजे 'तुमचा चांगला रंग सांगा'. वाचलं होतं ना?"

"वाचलं की! गडबडीत विसरलो."

"आता विसरू नका."

"मेलो तरी नाय!"

शेवटच्या डावात बोली चढत चढत गेली. काकासाहेब म्हणाले, "चार बदाम."

तनुजानं पत्ते टेबलावर पालथे ठेवले आणि ठणकावलं, "डबल!"

मल्हारी पास. मी क्षणही न दवडता म्हणालो, "पाच किलवर!"

"डबल," काकासाहेब म्हणाले. तनुजानं डोळे मिटून पास दिला. मल्हारीनंही पास दिला. मला त्याची कीव आली. एवढा जुना खेळाडू, अन् जोडीदारानं विचारलेला रंग सांगता येईना!

अकरा हात करायचे होते. सहा झाले. या वेळचा डबल दंडाचाच होता, काकासाहेबांना बुडवायला लागणारे चारही हात तनुजाच्या पत्त्यांत हक्काचे होते, हे तिनं मला घरी जाताना रस्त्यात सांगितलं.

जेवताना मी कबूल केलं, "ते पान मी वाचलंच नव्हतं."

"ठाऊक आहे." मग ती म्हणाली, "पुढच्या रविवारच्या स्पर्धेत माझ्या शेजारी बसा."

एवढं होऊनही शेजारी! सोमवारी स्टोअरमधल्या आदिनाथला मी छाती फुगवून ते सांगितलं. तोही ब्रिज खेळतो.

"भाऊ," तो म्हणाला, "ब्रिजमध्ये जोडीदार समोर बसतो. शेजारी बसतो तो विरोधक."

रविवारी तनुजा कॉलनीतल्या सुकेशनीला जोडीदार घेऊन माझ्याविरुद्ध खेळली आणि जिंकली. बक्षीस घेताना तिनं भर हॉलमध्ये माझे आभार मानले. अगदी मनापासून.